आवृत्ती-इतिहास व संबंधात्मक डेटाबेस

एखादी नोंदवही, दस्तऐवज किंवा संगणकाची आज्ञावली यांत वेळोवेळी होणाऱ्या बदलांची क्रमवार, कारणासह व कर्त्याच्या नावासह ठेवलेली नोंद म्हणजे त्या वस्तूचा आवृत्ती-इतिहास होय. हा इतिहास कोष्टकांच्या रूपात मांडून त्याला प्रश्न विचारण्याची जी पद्धती आहे, तिला आवृत्ती-इतिहासाची पृच्छा म्हणता येईल. ‘सध्या काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर कोणतीही अद्ययावत नोंद देते. परंतु ‘हे असे केव्हापासून आहे, कोणी केले, कशाच्या आधारे केले आणि त्यापूर्वी काय होते’ या प्रश्नांची उत्तरे केवळ इतिहासच देऊ शकतो. संगणकशास्त्रात या विषयाचा विकास १९७० नंतर झाला. मात्र त्यामागील विचार महाराष्ट्रातील ग्रामीण जनतेस जमिनीच्या दप्तरामुळे त्यापूर्वीच परिचित झालेला होता. गावचा सातबारा उतारा ही जमिनीच्या हक्कांची चालू आवृत्ती असून फेरफार नोंदवही हा तिचा आवृत्ती-इतिहास आहे.

जमिनीच्या दप्तरातील मूळ रूप : मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख ठेवण्यासाठी १९०३ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला व १९१३ मध्ये त्यातील तरतुदी मुंबई जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. हल्ली हा विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या दहाव्या प्रकरणात आला आहे. ही संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अंमलात आली. वारसा, खरेदी, वाटणी, गहाण, बक्षीस इ. कारणांनी जमिनीत हक्क प्राप्त झाल्यास कलम १४९ अन्वये तो तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावा लागतो (तलाठी या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले). कलम १५० प्रमाणे तलाठी ही खबर गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितो, चावडीत प्रसिद्ध करतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, नोंदवून तिचा निर्णय केला जातो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंदीची तपासणी करून ती प्रमाणित अथवा रद्द करतो. प्रमाणित झालेल्या नोंदीचाच अंमल गाव नमुना ७ वर देण्यात येतो.

हस्तलिखित सातबाऱ्यावरील संकेत या दृष्टीने लक्षणीय आहेत. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वीची नोंद पेन्सिलीने करीत व प्रमाणनानंतर ती शाईने कायम करीत. कमी झालेल्या खातेदाराचे नाव खोडून न टाकता कंसात ठेवीत आणि नव्या नावाजवळ संबंधित फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. म्हणजे चालू आवृत्तीतील प्रत्येक विधानाशेजारी त्याच्या कारणाचा निर्देश असे व जुने विधान वाचता येण्याजोगे राही. बदल करावयाचा तो जुने पुसून नव्हे, तर नवी नोंद वाढवून, हे तत्त्व यात पाळलेले दिसते.

आज्ञावल्यांचे आवृत्ती नियंत्रण : मोठी आज्ञावली अनेक व्यक्ती मिळून अनेक वर्षे लिहितात. त्यामुळे कोणता बदल कोणी केला याचा हिशेब ठेवण्याची गरज निर्माण झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ ही पद्धती तयार केली. वॉल्टर टिची यांच्या १९८२ मधील ‘आरसीएस’ या पद्धतीत अद्ययावत आवृत्ती पूर्ण स्वरूपात ठेवून मागील आवृत्त्या केवळ फरकांच्या रूपात साठविल्या जात. पुढे ‘सीव्हीएस’, ‘सबव्हर्शन’ इ. पद्धती आल्या. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही पद्धती रचली. हल्ली तिचाच वापर सर्वाधिक होतो.

गिटमधील प्रत्येक नोंदीत, जिला ‘कमिट’ म्हणतात, त्या क्षणीच्या संपूर्ण संहितेचा निर्देश, लेखकाचे नाव, वेळ, बदलाचे कारण आणि लगतच्या पूर्वीच्या नोंदीचा निर्देश असतो. या सर्व मजकुरावरून गणिती रीतीने एक ओळख-अंक काढला जातो. मूळ पद्धतीत हा अंक १६० बिटांचा असतो. पूर्वीच्या नोंदीचा ओळख-अंक पुढील नोंदीच्या मजकुरात समाविष्ट असल्यामुळे जुन्या नोंदीतील एक अक्षर जरी बदलले, तरी तिच्यापुढील सर्व नोंदींचे ओळख-अंक बदलतात. त्यामुळे इतिहासात गुपचूप ढवळाढवळ करणे अवघड होते. कागदी दप्तरात हे संरक्षण पृष्ठांकन, अनुक्रमांक, अधिकाऱ्याची स्वाक्षरी आणि चावडीवरील प्रसिद्धी यांनी काही अंशी साधले जाते.

कोष्टकरूप मांडणी : इतिहास साठविणे आणि त्यास प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरफार नोंदवही अनुक्रमाने वाचता येते. परंतु ‘गेल्या चाळीस वर्षांत ज्या वारस नोंदींत मुलींची नावे लागली, त्या सर्व दाखवा’ असे तिला विचारता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पान उलटावे लागते. ही अडचण दूर करणारी मांडणी एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना सुचविली. तिच्यानुसार सर्व माहिती कोष्टकांत ठेवतात. कोष्टकाची प्रत्येक ओळ एक विधान करते, प्रत्येक स्तंभात एकाच प्रकारची माहिती असते आणि दोन कोष्टकांतील संबंध समान मूल्यांवरून जुळविला जातो. अशा कोष्टकांच्या संचास संबंधात्मक डेटाबेस म्हणतात. त्यास प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तिचेच पुढील रूप ‘एसक्यूएल’ या नावाने १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाले. या भाषेत उत्तर कसे शोधावे हे सांगावे लागत नाही. कोणत्या अटी पुऱ्या करणारे उत्तर हवे एवढेच सांगावे लागते.

आवृत्ती-इतिहास या मांडणीत आणण्यास किमान तीन कोष्टके लागतात. पहिल्यात प्रत्येक बदल-नोंदीचा क्रमांक, कर्ता, वेळ व कारण असते. दुसऱ्यात कोणती नोंद कोणत्या पूर्ववर्ती नोंदीवर आधारलेली आहे हे असते. तिसऱ्यात त्या नोंदीने नेमके काय वाढविले व काय वगळले हे असते. दुसरे कोष्टक वेगळे ठेवण्याचे कारण असे की, एका नोंदीतून अनेक शाखा फुटू शकतात व अनेक शाखांचे एका नोंदीत विलीनीकरण होऊ शकते. जमिनीचे हिस्से पडणे व अनेक तुकडे एकत्र करून गट बनविणे, ही याचीच रूपे होत. गिटचा इतिहास त्याच्या स्वतःच्या रचनेतून काढून अशा कोष्टकांत भरावा लागतो. उलट रिचर्ड हिप यांची ‘फॉसिल’ ही आवृत्ती-नियंत्रण पद्धती संपूर्ण इतिहास ‘एसक्यूलाइट’ या संबंधात्मक डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये ठेवते. एसक्यूलाइटची स्वतःची संहिताही २००९ पासून फॉसिलमध्येच सांभाळली जाते.

वरसे येथील कल्पित उदाहरण : रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यातील वरसे हे रोहे शहरालगतचे गाव आहे. जवळच धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र असून कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. शेतीखालील जमीन बिनशेती होणे, तिचे हिस्से पडणे व ती हस्तांतरित होणे अशा शहरालगतच्या भागात स्वाभाविक असल्याने येथे आवृत्ती-इतिहासास विशेष महत्त्व प्राप्त होते. स्पष्टीकरणासाठी अशा गावातील एका कल्पित जमिनीचा इतिहास पुढील कोष्टकात दिला आहे. व्यक्तींचा निर्देश अक्षरांनी केला असून आकडेही कल्पित आहेत.

| फेरफार क्र. | पूर्ववर्ती | घटनेचा काळ | नोंदीचे वर्ष | कारण | वाढ | घट |
|---|---|---|---|---|---|---|
| ११८ | – | १ एप्रिल १९५७ | १९६४ | कुळाने खरेदी | क | जमीनमालक |
| ३४२ | ११८ | १९७८ | १९८१ | क मृत, वारस नोंद | ख, ग (मुलगे), घ (मुलगी) | क |
| ७९० | ३४२ | १९९९ | १९९९ | ख मृत, वारस नोंद | च | ख |

या जमिनीच्या संगणकीय सातबाऱ्यावर मात्र ‘ग’ व ‘च’ अशी दोनच नावे आहेत, असे समजू.

पृच्छांचे प्रकार : (१) गतकालीन स्थिती : ‘१९९० च्या आरंभी दप्तरात खातेदार कोण होते?’ या पृच्छेसाठी त्या वर्षापूर्वी नोंदलेले फेरफार क्रमाने लागू करतात. प्रस्तुत उदाहरणात उत्तर ख, ग व घ असे येते. (२) कारणशोध : ‘चालू उताऱ्यातील प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आले?’ या पृच्छेचे उत्तर ग साठी ३४२ व च साठी ७९० असे आहे. गिटमध्ये संहितेच्या प्रत्येक ओळीबाबत हाच प्रश्न विचारण्याची सोय असते. (३) परंपराशोध : ‘७९० पासून मागे जात मूळ नोंदीपर्यंतची साखळी दाखवा.’ ही साखळी किती लांब आहे हे आधी माहीत नसते. कॉड यांच्या मूळ बीजगणितात अशी अनिश्चित लांबीची साखळी शोधता येत नव्हती. १९९९ च्या एसक्यूएल मानकात स्वतःच्याच उत्तराचा पुन्हा आधार घेणाऱ्या पृच्छांची तरतूद झाली व ही उणीव दूर झाली. (४) अकारण बदल : सर्व फेरफार क्रमाने लागू करून मिळणारी यादी आणि चालू उताऱ्यावरील यादी यांची वजाबाकी करतात. येथे पहिली यादी ग, घ व च अशी आहे आणि दुसरी ग व च अशी. बाकी ‘घ’ उरते.

चौथी पृच्छा सर्वांत महत्त्वाची आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगी ही पहिल्या वर्गातील वारस आहे. घ हिने हक्कसोडपत्र करून दिल्याचा किंवा आपला हिस्सा विकल्याचा फेरफार असता, तर तिचे नाव कमी होण्यास कारण मिळाले असते. तसा फेरफार नसताना नाव नाहीसे झाले असेल, तर सातबाऱ्याचे पुनर्लेखन करताना किंवा तो संगणकात भरताना ते गळले असण्याचा संभव आहे. सातबारा दिसण्यास निर्दोष असतो. नावे सुवाच्य, क्षेत्राची बेरीज बरोबर. गळलेले नाव केवळ उतारा पाहणाऱ्यास दिसत नाही, कारण जे नाही ते पाहता येत नाही. इतिहासाशी तुलना केली तरच ते उघडकीस येते. जमीन विकली गेल्यानंतर हे लक्षात आले, तर संबंधित व्यक्तीस आपला हक्क सिद्ध करण्यासाठी दीर्घकाळ वाद लढवावा लागतो.

दोन काळ : वरील कोष्टकात घटनेचा काळ व नोंदीचे वर्ष हे दोन स्तंभ वेगळे ठेवले आहेत. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी बहुसंख्य कुळे कसत असलेल्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. किंमत ठरविण्याची कलम ३२ ग खालील चौकशी, किंमतीचा भरणा व कलम ३२ म खालील प्रमाणपत्र यांस पुढे काळ लागला. त्यामुळे ‘१९६० मध्ये खरेदीदार कोण होता?’ आणि ‘१९६० मध्ये दप्तर कोणास मालक म्हणत होते?’ या दोन प्रश्नांची उत्तरे भिन्न येतात व दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. एकच दिनांक ठेवणारी नोंद यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर कायमचे गमावते. गिटमध्येही मूळ बदल लिहिल्याची वेळ व तो इतिहासात दाखल झाल्याची वेळ अशा दोन वेळा ठेवतात. एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात या दोन्ही प्रकारच्या काळांची व्यवस्था करण्यात आली आहे.

नाव आणि ओळख : इतिहास दीर्घ असल्यास नावे व मापे बदलतात. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. म्हणून जिल्ह्याच्या नावावरून शोध घेणाऱ्या पृच्छेस त्यापूर्वीचे कागद सापडणार नाहीत. भूमापन क्रमांकाचे हिस्से पडले किंवा त्याचा गट क्रमांक झाला, तरी जमीन तीच राहते. यासाठी न बदलणारा ओळख-क्रमांक देणे व नाव हे त्याचे कालानुसार बदलणारे लक्षण मानणे आवश्यक असते. मापांची स्थिती अशीच आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे वा सुमारे ४०·४७ आर. त्यामुळे १ एकर २० गुंठे जमिनीचे क्षेत्र सुमारे ६०·७० आर होते. जुन्या कागदावरील ‘१–२०’ हा आकडा कोणी १ हेक्टर २० आर असा भरला, तर क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते. म्हणून आकड्याबरोबर त्याचे एककही स्वतंत्र स्तंभात हवे.

महाराष्ट्रातील संगणकीकरण : केंद्र शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याअंतर्गत ‘ई-फेरफार’ ही आज्ञावली वापरात आली. या पद्धतीत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदविलेल्या दस्ताची माहिती तलाठ्याकडे संगणकाद्वारे पोहोचते, नोटीस निघते आणि प्रमाणनानंतर सातबारा अद्ययावत होतो. फेरफार प्रमाणित झाल्याखेरीज उताऱ्यात बदल न होणे, हे तिचे वैशिष्ट्य आवृत्ती नियंत्रणाच्या तत्त्वाशी जुळणारे आहे. हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांचा मेळ घालण्यासाठी गावोगावी तपासणी करण्यात आली. एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांतील तफावतीसारख्या विसंगती दाखविणारे अहवालही या प्रणालीतून काढले जातात. हे अहवाल म्हणजे वर वर्णिलेल्या पृच्छांचेच व्यावहारिक रूप होय. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला.

लेखनप्रमाद आढळल्यास संहितेच्या कलम १५५ अन्वये संबंधितांना नोटीस देऊन तो दुरुस्त करता येतो. ही दुरुस्तीही नव्या फेरफाराने व्हावी लागते. चूक व तिची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी इतिहासात राहिल्या, तरच मधल्या काळात त्या चुकीवर विसंबून कोणते व्यवहार झाले, हे पुढे शोधता येते.

मर्यादा : पृच्छेचे उत्तर नोंदीइतकेच विश्वसनीय असते. ज्या मृत्यूची खबर दिली गेली नाही, जी वाटणी तोंडी झाली व लिहिली गेली नाही, ती कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. फेरफार नोंदवहीचे पान फाटलेले असेल, तर सकारण बदलही अकारण भासतो. म्हणून चौथ्या प्रकारच्या पृच्छेचे उत्तर हा निकाल नसून चौकशीस दिलेला प्रारंभबिंदू असतो. संगणकीकरणाच्या दिवशीची स्थिती हीच पहिली आवृत्ती मानली, तर त्यापूर्वीचा कागदी इतिहास पृच्छेच्या कक्षेबाहेर राहतो. जुन्या फेरफारांच्या प्रतिमा साठविल्याने त्या वाचता येतात. परंतु त्यांतील मजकूर स्तंभवार भरल्याखेरीज त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही मर्यादा आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत स्पष्ट केले आहे. मालकी मूळ घटनेतून, म्हणजे वारसा, खरेदी वा कायद्याची तरतूद यांतून येते व तिच्याविषयीच्या वादाचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. आवृत्ती-इतिहास त्या घटनेपर्यंत पोहोचण्याचा माग दाखवितो. वरील उदाहरणातील घ हिचा हक्क १९७८ मध्ये वडिलांच्या मृत्यूसमयी निर्माण झाला. उताऱ्यावरील नाव गळल्याने तो संपत नाही. मात्र फेरफार क्रमांक ३४२ जपला गेला नसता, तर तो दाखवून देण्यास तिच्याजवळ फारसे काही उरले नसते.